अनुताईंची कारागिरी

प्राथमिक शिक्षकांवर आपल्याकडे बहुतेक दोनच प्रसंगी बोललं आणि लिहिलं जातं. एक सेवानिवृत्तीचा समारंभ आणि दुसरी शोकसभा. दोन्हीकडची विशेषणं ठरलेली असतात: व्रतस्थ, सेवाभावी, विद्यार्थिप्रिय, निःस्वार्थी. ती खोटी असतात असं मुळीच नाही. पण शाल, श्रीफळ आणि विशेषणं आटोपली तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. या माणसानं वर्गात नेमकं काय केलं? पहिल्या दिवशी दाराशी भोकाड पसरलेलं पोर आत कसं आणलं? अक्षराकडे पाहून गोंधळणाऱ्याला वाचतं कसं केलं? गवयाबद्दल लिहिताना आपण त्याच्या गायकीबद्दल लिहितो. शिक्षकाबद्दल लिहिताना मात्र त्याच्या त्यागाबद्दल लिहितो आणि विद्या राहूनच जाते.

अनुताई वाघ यांच्या बाबतीत हे जरा जास्तच झालं आहे. बालविधवा, पुण्यातली स्थिर नोकरी सोडणं, डहाणूचा आदिवासी भाग, कोसबाडची टेकडी आणि तिथं घातलेली उभी हयात. या आयुष्याची गोष्टच अशी की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. हात जोडले की आपणही सुटलो, कारण असं आयुष्य आपल्याच्यानं व्हायचं नाही हे आपण मनाशी कबूल केलेलं असतं. या पुस्तकाच्या पुढच्या पानांकडे वळण्याआधी वाचकाला एक विनंती आहे. नमस्कार जरूर करावा, पण त्याआधी ही बाई काय करत होती ते पाहावं. अनुताई थोर होत्या हे सांगायला नव्या पुस्तकाची गरज नाही. त्या आपल्या कामात अत्यंत हुशार होत्या, हे मात्र अजून पुरेसं सांगून झालेलं नाही.

त्यांचा जन्म १७ मार्च १९१०चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. पांढरपेशा घरातल्या तेरा वर्षांच्या विधवेपुढे तेव्हा वाटा मोजक्याच होत्या. घरातला कोपरा ही नेहमीची वाट. शिक्षणाची वाट महाराष्ट्रात नुकतीच पडली होती आणि ती पाडायला लोकांनी बरंच सोसलं होतं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ साली सुरू झालं, अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ साली आणि रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन १९०९ साली. शिकलेल्या विधवेला समाजानं जी एक नोकरी बिनबोभाट करू दिली, ती शिक्षिकेची. मराठी मुलींच्या शाळांतल्या सुरुवातीच्या दोन-तीन पिढ्यांच्या ‘बाई’ आठवून पाहिल्या, तर त्यांत पांढऱ्या कपाळाच्या किती होत्या हे ध्यानात येतं. त्यांच्यावर जे ओढवलं, त्यातूनच मुलींना शिक्षिका मिळाल्या. हा हिशेब कुणाला सुखावणारा नाही, पण तो खरा आहे.

अनुताई त्याच वाटेनं गेल्या. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास केली. मग शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. नाशिक जिल्ह्यात चांदवडकडच्या खेड्यांत काही वर्षं शिकवलं आणि त्यानंतर पुण्याला हुजुरपागेत बारा-तेरा वर्षं. दिवसा शिकवायचं आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचं, अशा रीतीनं त्या मॅट्रिक झाल्या. त्यांच्या चरित्रातला हा भाग लोक भरभर ओलांडतात, कारण पुढे कोसबाड येणार हे ठाऊक असतं. माझ्या मते इथं थांबायला हवं. पुढे डहाणू भागातल्या बोर्डीला पोचल्या तेव्हा अनुताई कुणी उत्साही स्वयंसेविका नव्हत्या. खेड्यातल्या एका खोलीत चार इयत्ता सांभाळणं कसं असतं आणि शहरातल्या नामांकित शाळेची घडी कशी असते, हे दोन्ही त्यांना ठाऊक होतं. पुढे त्यांनी शाळेच्या चौकटीत जे फेरफार केले, ते चौकट आतून पाहिलेल्या माणसाचे होते.

१९४५ साली कस्तुरबा स्मारक निधीतर्फे बोरिवलीला ग्रामसेविकांसाठी शिबिर भरलं आणि तिथं त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात काम केलेल्या, भावनगरला दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिर उभारलेल्या. नूतन बालशिक्षण संघ १९२६चा, दादरचं शिशुविहार १९३६चं. मारिया माँटेसोरींच्या पद्धतीला गुजराती-मराठी घरांत आणणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव पहिल्या काहींत घ्यावं लागतं. पण हे काम होतं शहरात आणि तेही खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांसाठी. माँटेसोरीचं साहित्य महाग, घोटीव लाकडाचं, नेमक्या मापाचं. त्याच सुमारास गांधीजींनी नई तालीमची व्याप्ती सात वर्षांच्या आतल्या मुलांपर्यंत नेली होती. हे शिक्षण खेड्यात, गरिबाच्या मुलाला आणि कमीत कमी खर्चात देता येईल का, हा प्रश्न ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी अंगावर घेतला आणि समुद्रकाठचं बोर्डी गाठलं. अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. त्या बरोबर निघाल्या.

ज्या मुलखात त्या गेल्या तो समजून घेतल्याशिवाय पुढचं समजणार नाही. डहाणू, तलासरी, उंबरगाव हा पट्टा मुंबईपासून रेल्वेनं काही तासांवर. किनाऱ्याला चिकूच्या वाड्या, मांगेल्यांच्या वस्त्या, इराणी-पारशी बागायतदारांचे बंगले. रूळ ओलांडून पूर्वेला गेलं की वारली पाडे सुरू होतात. तिथल्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर आणि कसणारे वारली त्यांच्या वेठीला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोनं सावकाराकडे राबायचं, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. ते कर्ज पिढ्यान्‌पिढ्या फिटत नसे. बोर्डीचं काम सुरू झालं त्याच १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड पुकारलं. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या गोदावरीबाईंच्या पुस्तकात ती हकीगत आहे आणि अनुताईंचं काम समजून घेणाऱ्यानं ते पुस्तक शेजारी ठेवलेलं बरं. एकाच मुलखात, एकाच साली दोन कामं सुरू झाली. एकानं मालकाला जाब विचारला. दुसऱ्यानं त्या घरांतल्या तीन-चार वर्षांच्या पोराला काय हवं हे विचारलं. दोहोंची तुलना करून एकाला उणं ठरवण्याचा मोह टाळावा, पण वेठबिगारीचा संदर्भ विसरला तर बालवाडीची गोष्ट नुसती गोड होऊन बसते.

बोर्डीच्या ग्राम बालशिक्षा केंद्रात पहिला प्रश्न आला तो अक्षरांचा नव्हता. मुलं यायची ती खरूज, नायटे, आलेले डोळे आणि डोक्यात उवा घेऊन. अंगावर धड कपडा नाही. तेव्हा बालवाडीचा पहिला तास ठरला तो आंघोळीचा. पाणी भरायचं, मुलांना न्हाऊ-माखू घालायचं, नखं काढायची, केस विंचरायचे, जखमेला औषध लावायचं. वाचणाऱ्याला हा शुद्ध सेवाभाव वाटेल, आणि कुणाला त्यात पांढरपेशा स्वच्छतेची सक्तीही दिसेल. दुसरा आक्षेप अगदीच झटकून टाकण्यासारखा नाही. पण प्रशिक्षित शिक्षिकेच्या नजरेनं हा तास पाहावा. सतत खाजवणारं मूल कुठल्याही वस्तूवर पाच मिनिटं लक्ष ठेवू शकत नाही, हे तिला माहीत असतं. आंघोळ घालताना हात, पाय, कान, कोपर यांची नावं होतात, डावं-उजवं होतं, गार-कोमट होतं आणि तोंडानं गाणं चालू असतं. कुठलं मूल हात लावला की दचकतं, कुणाच्या पोटाचा नगारा झाला आहे, कुणाला ऐकू कमी येतं, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं. पुढे हजेरी, वजन, आरोग्य यांचे जे वेगवेगळे तक्ते सरकारी कामात आले, त्यांतला बराचसा मजकूर न्हाणीच्या दगडावर बसलेल्या शिक्षिकेला नुसत्या डोळ्यांनी मिळत होता.

दुसरा प्रश्न साहित्याचा. ‘स्थानिक वस्तूंपासून शैक्षणिक साहित्य’ हे आज प्रशिक्षणाच्या प्रत्येक पुस्तिकेत छापलेलं असतं. त्यामुळे ते सोपं वाटतं, पण ते तसं नाही. माँटेसोरीच्या दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा, रंगांच्या पट्ट्या यांच्यामागे एक कठोर तत्त्व आहे. एका साहित्यात एकच गुण बदलायचा. मनोऱ्याचे ठोकळे एकाच रंगाचे, एकाच आकाराचे, बदलतं ते फक्त माप. म्हणजे मुलाचं लक्ष नेमकं तिथंच जातं. शिवाय चूक झाली तर ती वस्तूच दाखवून देते, दट्ट्या चुकीच्या भोकात बसत नाही. आता हे शिंपले, चिंचोके, पानं, बिया, बांबूच्या नळ्या यांतून साधायचं आहे. निसर्गातली कोणतीही दोन पानं सारखी नसतात. रंग बदलला की आकारही बदलतो. तेव्हा शिक्षिकेला आधी स्वतः बसून निवड करावी लागते. कुठले शिंपले फक्त लहान-मोठे आहेत आणि कुठले रंगानंही वेगळे आहेत, हे तिनं पाहायचं. शिवाय चिंचोका चूक दाखवत नाही, म्हणून ती चूक कधी दाखवायची आणि कधी मुलाला तिच्याशी झगडू द्यायचं, हेही बाईनंच ठरवायचं. महागड्या साहित्यात जी शिस्त वस्तूत होती, ती स्वस्त साहित्यात शिक्षिकेच्या नजरेत आणावी लागते. ताराबाईंनी तत्त्व दिलं. रोजच्या रोज, मुलागणिक ते वापरून दाखवणं हे मोठ्या प्रमाणावर अनुताईंचं काम होतं. बालवाडी स्वस्त झाली ती शिक्षिका तयार असल्यामुळे. नुसता खर्च उतरवला आणि शिक्षिका घडवली नाही, तर उरतात ते फक्त चिंचोके. पुढच्या काळात अनेक ठिकाणी नेमकं तेच झालं.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येईनात. गावाबाहेरच्या वस्त्यांतली, पाड्यांवरची मुलं गावात मधोमध असलेल्या बालवाडीपर्यंत पोचत नव्हती. अंतर होतं, जातीची भिंत होती, आईबाप पहाटे कामावर गेलेले असायचे. शाळेच्या रूढ कारभारात याला एक सोपं उत्तर असतं: हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहायचं आणि पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही म्हणून सुस्कारा सोडायचा. बोर्डीत वेगळं उत्तर निघालं. शिक्षिकेनं साहित्याची पिशवी उचलली आणि बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. झोपडीपुढची सारवलेली जागा, भोवती कोंबड्या, दारात बसलेली म्हातारी आणि मधे गोल करून बसलेली पोरं. आई कामावर असली तरी आजी पाहते आहे, शेजारीण पाहते आहे. मुलांबरोबर वस्तीलाही हळूहळू कळत जातं की ही बाई पोरांना मारत नाही, गाणी म्हणते आणि जखमेला औषध लावते. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगणवाडी असे दोन प्रकार तिथून रुजले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्यातल्या गावपातळीवरच्या केंद्राला पुढे सगळा देश ज्या नावानं ओळखू लागला, ते बोर्डीच्या वस्त्यांत आधीच वापरात होतं.

१९५६-५७च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आता काम थेट वारली पाड्यांच्या मध्यात होतं आणि अडचणीही निराळ्या होत्या. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचा भाऊ असतो. तिला शाळेत आणायचं तर आधी भावाची सोय लावली पाहिजे. म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा उभी राहिली. याला विकासवाडी म्हणत. मुलगी येताना धाकट्याला पाळणाघरात सोडते, मधल्याला बालवाडीत बसवते आणि स्वतः वर्गात जाते. मधल्या सुट्टीत तिघं एकमेकांना दिसतात, म्हणून कुणी रडत नाही. मोठ्या मुली पाळणाघरात हातभार लावतात आणि बाळाची निगा हाही त्यांच्या शिक्षणाचा भाग होतो. आज ‘तीन ते आठ हा सलग टप्पा मानावा’ असं २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वाचताना नवं वाटतं. कोसबाडला ही सलगता साठ वर्षं आधी आली होती, आणि आली ती धाकट्या भावाला कुणी सांभाळायचं या रोकड्या अडचणीतून.

मुलग्यांची अडचण गुरांची होती. सहा-सात वर्षांचा झाला की पोरगा गुरांमागे जायचा, मालकाची असोत की घरची. सकाळी निघायचा तो दिवस मावळताना परतायचा. पाळणाघरासारखी त्याची सोय लावता येत नव्हती, कारण गुरं काही शाळेच्या आवारात बांधता येत नाहीत. तेव्हा शाळा कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. यातली कल्पकता तपशिलात आहे. गुराख्याचा दिवस रिकामा नसतो, पण एकसारखाही नसतो. चरणाऱ्या गुरांवर नजर ठेवावी लागते, मात्र ऊन चढल्यावर गुरं सावलीला बसून रवंथ करू लागली की पोरंही मोकळी होतात. शिक्षकानं आपलं वेळापत्रक त्या रवंथाशी जुळवायचं. फळा झाडाला टेकवायचा, मोजायला गुरंच समोर आहेत, परिसर अभ्यासाला पाठ्यपुस्तक लागत नाही. कुठलं गवत गुरं तोंडात घेत नाहीत, कुठल्या पाखराची हाळी कशाची खूण असते, हे या पोरांना शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक. पाठ चालू असताना एखादी गाय उठून भलतीकडे निघाली की एक विद्यार्थी उठणार, हे गृहीत धरलेलं. त्यासाठी शिक्षा नाही. जी पोरं दिवसभरात कशीच मोकळी होत नव्हती त्यांच्यासाठी रात्रीची शाळा होती.

या सगळ्या प्रयोगांत एक समान धागा आहे आणि मला तो या आयुष्याचा गाभा वाटतो. मूल शाळेत येत नाही, तेव्हा ‘मुलात काय कमी आहे’ असं अनुताईंनी विचारलं नाही. त्यांनी शाळेची जागा तपासली, वेळ तपासली, वय तपासलं, साहित्य तपासलं आणि ज्यामुळे अडत होतं ते बदललं. अंगणवाडीत जागा बदलली. विकासवाडीत वयोगटांच्या भिंती काढल्या. कुरणशाळेत घड्याळ बदललं. शिक्षणाचा आशय मात्र कधी पातळ केला नाही. आदिवासी मुलाला ‘जेवढं झेपेल तेवढं’ द्यावं, ही दयेच्या वेषात येणारी तुच्छता त्यांच्या कामात नाही. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पुण्याच्या मराठीतलं पुस्तक समोर आलं की ते गप्प होतं. तेव्हा आधी त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यायचं, गाऊ द्यायचं, गोष्ट सांगू द्यायची आणि मग पुस्तकाकडे न्यायचं. हा क्रम आज बहुभाषिक शिक्षणाच्या नावाखाली शिकवला जातो. ज्याला वर्गात बोलायला लाज वाटत नाही तेच मूल पुढे वाचतं, हे जाणायला त्यांना कुठल्या सिद्धान्ताची वाट पाहावी लागली नाही.

अनुताईंच्या स्वभावातली आणखी एक गोष्ट चरित्रकारांना अडचणीची वाटते, कारण तिच्यात नाट्य नाही. जवळजवळ अठ्ठावीस वर्षं त्या ताराबाईंच्या हाताखाली होत्या. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. कामाचा चेहरा त्या होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या आणि त्रेसष्ट वर्षांच्या अनुताईंवर सगळा भार आला. पद्मश्री त्यांना १९८४ साली आणि जमनालाल बजाज पुरस्कार १९८५ साली मिळाला, म्हणजे पंचाहत्तरीच्या आसपास. दुसऱ्या क्रमांकावर इतकी वर्षं राहणं हा आपल्याकडे एक तर त्यागाचा नाही तर अन्यायाचा विषय होतो. अनुताईंचं वागणं या दोन्ही रकान्यांत बसत नाही. चांगल्या गुरूकडे शिकण्यासारखं बरंच असतं आणि ते शिकायला वेळ लागतो, एवढाच साधा हिशेब त्यात दिसतो. आणि त्या नुसत्या अनुयायी राहिल्या नाहीत याचा पुरावा म्हणजे ताराबाईंनंतरची कामं. सत्तरी ओलांडल्यावर, १९८२ साली, रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था काढली आणि दाभोण, ऐने या गावांत काम उभं केलं. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या, तोवर या परिसरातल्या त्यांच्या कामाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

त्या लिहितही होत्या आणि ते लिखाण कामाच्या बाईचं आहे. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मकथन अनेकांच्या वाचनात असतं. पण ‘बालवाडी कशी चालवावी’सारखी पुस्तकं मला तितकीच मोलाची वाटतात. नावातच क्रियापद आहे ते ‘चालवावी’. एखादी नवखी ताई सकाळी दहा मुलांसमोर उभी राहिली की तिला काय लागेल, या अंदाजानं केलेलं ते लेखन आहे. ताराबाई-गिजुभाईंच्या परंपरेतली ‘शिक्षणपत्रिका’ही त्यांनी चालवली. शिक्षिका घडवणं हा त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा होता आणि तो फोटोत येत नाही. पाड्यावरच्या मुलांबरोबरचा फोटो छापला जातो. ज्यांना त्यांनी शिकवून गावोगाव पाठवलं त्या तायांचा कुठंच नसतो.

गौरवाबरोबर तोलही राखायला हवा. कोसबाडचा प्रयोग देशानं उचलला, पण अर्धाच. अंगणवाडी सर्वत्र गेली. एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण येतं. आहार आणि नोंदी यांना यंत्रणेनं जेवढं महत्त्व दिलं, तेवढं शेवटच्या सेवेला कधी दिलं नाही. ज्या शिक्षिकेच्या नजरेवर सगळं उभं होतं, तिला ‘सेविका’ केलं आणि वेतनाऐवजी मानधन दिलं. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली निकाल देऊन सांगावं लागलं. अनुताईंच्या साधेपणाचे गोडवे गाणाऱ्या समाजानं तो साधेपणा हजारो बायकांवर सक्तीनं लादला, ही या कथेची कडू बाजू आहे. शिक्षिकेला व्रतस्थ म्हणण्यात धोका असतो तो हा: व्रत केलेल्या माणसाला पगार कुणी विचारत नाही.

दुसरी मर्यादा प्रयोगाच्या आतली. तो चालवायला अनुताईंसारखी बाई लागे, आणि अशी माणसं मागणी नोंदवून मिळत नाहीत. कुरणशाळा देशभर पसरल्या नाहीत. पण विचार मेला नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा झाल्या, विखुरलेल्या वस्त्यांसाठी वस्तीशाळा झाल्या. प्रत्येकीचा कुरणशाळेशी थेट संबंध जोडता येणार नाही, तरी प्रश्न तोच आणि उत्तराची दिशाही तीच. डहाणू-तलासरी आता २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात येतात. दिवाळी सरली की तिथली घरं आजही कामासाठी वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात आणि त्यांच्याबरोबर मुलंही जातात. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत सामावून घेण्याचा विचार मधूनमधून पुढे येतो, तेव्हा चार-पाच किलोमीटर हे अंतर कागदावर किरकोळ दिसतं. कागदावर मधला ओढा नसतो, आणि कडेवरचा भाऊही नसतो.

म्हणून हे पुस्तक कसं वाचावं याविषयी थोडं. प्राथमिक शिक्षकांनी, अंगणवाडीतल्या तायांनी ते सुट्ट्या प्रसंगांसाठी वाचावं आणि प्रत्येक प्रसंगापाशी थांबून विचारावं की अडचण काय होती, बाईंनी काय बदललं आणि काय बदललं नाही. शिक्षणखात्यात फायली हलवणाऱ्यांनी ते खर्चाच्या बाजूनं वाचावं. कोसबाडची बालवाडी स्वस्त होती, पण तिथली शिक्षिका घडवायला वर्षं लागली होती, आणि ती वर्षं हीच खरी गुंतवणूक होती. पालकांनी ते आपल्या मुलांच्या बालवर्गातल्या वह्या शेजारी ठेवून वाचावं. तीन वर्षांच्या मुलाकडून लेखन घोटून घेणाऱ्या आणि त्याची भरभक्कम फी आकारणाऱ्या शाळांच्या काळात, शिंपले मांडत बसलेली मुलं मागासलेली होती की आपण आहोत, हे त्यांनाच ठरवता येईल.

आणि प्रत्येक वाचकानं हजेरीपटाकडे एकदा नव्यानं पाहावं. त्यात उभ्या रकान्यांत तारखा असतात, आडव्या ओळींत मुलांची नावं असतात आणि न आलेल्याच्या नावापुढे खूण असते. शंभर-दीडशे वर्षं हा तक्ता असाच भरला जातो आहे आणि त्यात दोष नेहमी ओळीतल्या नावाचा ठरतो. अनुताईंच्या सत्तेचाळीस वर्षांच्या कामानं एकच मागणी केली: मूल आलं नाही त्या दिवशी गैरहजेरीची खूण शाळेच्या नावापुढे करा आणि मग दुसऱ्या दिवशी काय बदलायचं ते ठरवा. ही मागणी अजून कुणी मान्य केलेली नाही, म्हणूनच त्यांच्याबद्दल आज वाचायचं आहे.